पावकी-पाऊणकीची पुस्तिका: आठ महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये लेकीसाठी शिष्यवृत्ती परीक्षेचं मार्गदर्शक घ्यायला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेले होते. दुकानात काउंटरवर ही पातळशी पुस्तिका पडलेली होती. किंमत ४० रुपये, पिना मारलेली बांधणी, आणि आत जुने अपूर्णांकांचे पाढे: पावकी (पावचा पाढा), निमकी (अर्ध्याचा), पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, शेवटी औटकी. खरं सांगायचं तर सासूबाईंना गंमत म्हणून दाखवायला घेतली. मार्गदर्शक कपाटात गेलं, ही मात्र आजही टेबलावर आहे.

लेक पाचवीत, सेमी इंग्रजीला. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. तिचं गणित वाईट नव्हतं, पण ४८ चे ३/४ काढायचे म्हटलं की ही आधी ४८ ला तीनने गुणणार, मग १४४ ला चारने भागणार, मधे एकदा पेन्सिलीला टोक काढणार. ‘पाऊण वाजला’ तिला कळायचं. पण तो पाऊण आणि वहीतला ३/४ एकच, हे कधी डोक्यात जुळलंच नव्हतं.

पहिले पंधरा दिवस आम्ही पुस्तिका उघडलीसुद्धा नाही. सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, ही त्यांच्यामागून म्हणायची. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. चौथ्या-पाचव्या दिवशी हिनेच सांगितलं, “आजी, दर चौथ्या घराला पूर्ण आकडा येतो, तीन, सहा, नऊ!” त्या दिवसापासून ४८ चे पाऊण म्हणजे चाराचे बारा गट, प्रत्येकाचे तीन, म्हणून ३६. तोंडी. पेन्सिल खाली.

सवायकी आणि दिडकी बाजारात पक्क्या झाल्या. वांगी ८० रुपये किलो, सव्वा किलोचे किती? भाजीवाल्याच्या आधी ही बोलायला लागली. औटकी मात्र आम्ही सोडली. साडेतीनचा पाढा कुठे लागेना, आणि ‘औट’ हा शब्द तिने ‘औट हात देह’ एवढ्यापुरता लक्षात ठेवला, तेवढं पुरे.

टक्केवारीत फायदा होईल असं वाटलं नव्हतं. शेकडा २५ म्हणजे पाव, ७५ म्हणजे पाऊण, साडेबारा म्हणजे पावाचं अर्धं, हे बसल्यावर बरेच प्रश्न तोंडी सुटू लागले. एकदा ‘२५ चे ३६ टक्के’ आलं आणि ती अडली. मी म्हटलं, उलटं करून बघ, ३६ चे २५ टक्के. दोन्ही तेवढेच. पाव छत्तीस, नऊ. हे पुस्तिकेत नाही, पण पावकी येत नसती तर उलटं करून उपयोगही नव्हता.

आता तक्रारी. पाऊणकीच्या पानावर ‘सात पाऊण साडेपाच’ छापलंय. सव्वापाच हवं. सासूबाईंच्या कानाला खटकलं म्हणून सापडलं, नाहीतर पोरीने तेच पाठ केलं असतं. मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असं ठळक अक्षरात आहे, हे विशेष. पिनाही ऑगस्टमध्येच सुटल्या.

दुसरी तक्रार पुस्तिकेची म्हणावी की त्या काळाची, कळत नाही. हे पाढे सोळा आण्यांच्या रुपयाला शोभणारे. चार आणे पाव, बारा आणे पाऊण. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा तो हिशोब कागदावर संपला. त्यामुळे सगळं पाव-अर्ध्याच्या घरातलं. २/५ किंवा ३/७ आलं की पुस्तिका गप्प.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: शाब्दिक उदाहरण वाचायला ही पुस्तिका अजिबात शिकवत नाही. नोव्हेंबरमधल्या एका सराव चाचणीतला प्रश्न: टोपलीतल्या आंब्यांपैकी १/४ नासले, उरलेल्यांपैकी १/३ शेजाऱ्यांना दिले, ३० राहिले, एकूण किती? हिने १/४ आणि १/३ मिळवून ७/१२ केले, राहिले ५/१२, म्हणजे ३०, म्हणून ७२. हिशोब बिनचूक, आणि पर्यायांत ७२ होतेच! बरोबर उत्तर ६०. ‘उरलेल्यांपैकी’ हा शब्द डोळ्यांनी वाचला, पण मनात ‘एकूण आंब्यांपैकी’ असाच उमटला.

त्यावर उपाय वहीतच सापडला. एक लांब पट्टी काढायची, चार घरं करायची, एक घर खोडायचं. उरली तीन, त्यांतलं एक शेजाऱ्यांचं. राहिली दोन घरं म्हणजे ३०, एक घर १५, चार घरं ६०. डिसेंबरभर रोज असे तीनच प्रश्न केले, एकही जास्त नाही. ‘२० टक्के किंमत वाढवून २० टक्के सूट’ हेही तसंच, शेकड्याची पट्टी: १०० चे १२०, सूट १२० वर, म्हणजे २४ वजा, हाती ९६. ‘कशाचे टक्के?’ असं आता ती स्वतःच विचारते, कधीकधी मला वैताग येईपर्यंत.

जानेवारीत दूधवाल्याने महिन्याचं बिल २६०४ दिलं. रोज दीड लिटर, ५६ रुपये लिटर, म्हणजे दिवसाचे ८४. चार दिवस आम्ही गावी होतो. हिने कॅलेंडरवरचे खाडे मोजले, सत्तावीसला ८४ ने गुणलं आणि म्हणाली, “२२६८, काका.” काकांनी खिशातली चिठ्ठी काढून पुन्हा पाहिली. गुणाकार साधाच, पण चार खाडे वजा करायचे हे मलाही सुचलं नव्हतं.

पाचपैकी पावणेचार देते. घेणार असाल तर पाऊणकीचं पान आधी पेनाने दुरुस्त करा, आणि बाजूला कोरी वही ठेवा, पट्ट्या काढायला.