स्क्रायबस १.६ मोठ्या फाइलींना झेपतं का? रॅम आणि डिस्कच्या अंगाने रिव्ह्यू

स्क्रायबस या पानं मांडायच्या (डीटीपी) सॉफ्टवेअरचा विषय निघाला की तेच तेच ऐकायला मिळतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मेनू जुनाट वाटतात, इनडिझाइनची (अडोबीचं याच कामाचं विकतचं सॉफ्टवेअर) सर नाही वगैरे. पण तीनशे पानांची, फोटोंनी ठासून भरलेली फाइल बनवून शेवटी पीडीएफ काढायला बसलं की मशीनचं काय होतं यावर कोणी फार लिहीत नाही, आणि माझ्या मते हे सॉफ्टवेअर आपल्या कामाचं आहे की नाही ते तिथेच कळतं. म्हणून टेबल, स्टाइल्स, टायपोग्राफी सगळं बाजूला ठेवून फक्त एवढ्यावरच लिहितोय. (देवनागरी जोडाक्षरांचं विचाराल तर १.५ च्या मालिकेत हार्फबझ, म्हणजे अक्षरं जुळवणारी लायब्ररी, आल्यापासून ती नीट जुळतात, तो प्रश्न मिटला.)

आधी आवडलेली गोष्ट. फोटो फाइलच्या आत कोंबले जात नाहीत, लिंक होतात. स्क्रायबसची स्वतःची एसएलए फाइल म्हणजे साधं एक्सएमएल (वाचता येण्याजोगा मजकूर), त्यात फोटो कुठे ठेवलाय एवढाच पत्ता असतो, त्यामुळे फोटोंचं फोल्डर कितीही जड असलं तरी एसएलए हलकी राहते आणि सेव्ह पटकन होतं, वरून सेव्ह करताना कॉम्प्रेसवर टिक केलं की अजून बारीक होते. फक्त फोटो फ्रेममधे एम्बेड करायचा मोह टाळा कारण तो मग बेस६४ मधे (डेटा अक्षरांत लिहायची पद्धत) बदलून एक्सएमएलच्या आत जाऊन बसतो, त्या प्रकारात डेटा साधारण एक तृतीयांशाने फुगतो आणि मग प्रत्येक सेव्हला, प्रत्येक ऑटोसेव्हला तेवढा भार डिस्कवर.

आता रॅम. इथे बऱ्याच जणांचा हिशोब चुकतो कारण ते फोल्डरमधली साइज बघतात. ८ एमबीचा जेपेग ८ एमबीचा असतो तो डिस्कवर. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो मेमरीत उघडला की एका पिक्सेलला ४ बाइट धरून ९६ एमबी होतो, मग जेपेग कितीही दाबलेला असू दे. आणि तोच फोटो पानावर ५ सेंटीमीटर रुंदीत लावला असेल तर छपाईला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) लागतात जेमतेम ६०० पिक्सेल, म्हणजे दोन्ही बाजूंनी दहापट जास्त, एकूण शंभरपट जास्त पिक्सेल आपण उगाच वागवतोय. असे पानाला चार फोटो असले की बघा.

स्क्रायबसमधे हे पकडायला मॅनेज इमेजेस नावाची विंडो आहे, एक्स्ट्राज मेनूत दडलेली, आणि माझ्या मते या कामासाठी अख्ख्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात उपयोगी जागा तीच. प्रत्येक फोटोचे मूळ पिक्सेल, पानावर किती मोठा छापला जाणार आणि त्या मापाला इफेक्टिव्ह पीपीआय (इंचाला पिक्सेल) किती पडतोय हे समोर दिसतं. जिथे आकडा दीड दोन हजाराच्या वर दिसेल ते फोटो बाहेर गिंपसारख्या फोटो एडिटरमधे लहान करून त्याच नावाने बदलायचे, पण ओरिजिनल दुसरीकडे जपून ठेवून हं. कंटाळवाणं काम आहे, मान्य. प्रेफरन्समधे प्रीफ्लाइटला (एक्सपोर्टआधीची चुकांची तपासणी) वरची रिझोल्यूशन मर्यादा देता येते, ती आपल्या कामाप्रमाणे खाली आणून ठेवली की असे फोटो तो स्वतःच दाखवतो.

पानं सरकवताना जड वाटत असेल तर फोटोच्या प्रिव्ह्यूची सेटिंग लो करा. याने फक्त स्क्रीनवरचं चित्र धूसर दिसतं, एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होतो, त्यामुळे क्वालिटी जाईल ही भीती नको.

एक्सपोर्टच्या विंडोत पर्याय भरपूर आहेत पण कुठला रॅम खातो आणि कुठला डिस्क, हे तिथे काहीच कळत नाही, नुसती चेकबॉक्सची भिंत. मॅक्सिमम इमेज रिझोल्यूशनला टिक करून ३०० दिलं की पीडीएफ लहान होतो हे खरं, पण लहान करायला आधी पूर्ण फोटो मेमरीत उघडावाच लागतो, म्हणजे डिस्क वाचली तरी रॅमचा चटका चुकत नाही. हेच सीएमवायकेचं (छपाईचे चार रंग), कलर मॅनेजमेंट लावून आरजीबी फोटो कन्व्हर्ट करायला सांगितले की एकेक पिक्सेल उलगडून पुन्हा बांधावा लागतो. याउलट फोटो आधीच योग्य मापाचे, योग्य कलरचे जेपेग असतील आणि कॉम्प्रेशन ऑटोमॅटिकवर असेल तर जेपेगचा डेटा जसाच्या तसा पीडीएफमधे जाऊ शकतो, कारण पीडीएफला जेपेग आतून समजतो. म्हणून मी म्हणेन की कष्ट एक्सपोर्टच्या आधी करा. लॉसलेस झिप हा पर्याय फोटोंच्या पुस्तकाला लावलात तर फाइल भलतीच फुगेल, तो स्क्रीनशॉट आणि सपाट रंगांच्या चित्रांसाठी बरा.

एक गंमत (त्रास म्हणा हवं तर) अशी की इमेज फ्रेममधे पीडीएफ लावलात, समजा कोणाची तरी तयार जाहिरात, तर स्क्रायबस एरवी त्याचं चित्र करून टाकतो. ए४ पान ३०० डीपीआयला म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल, साधारण ३५ एमबी रॅम, आणि ज्या जाहिरातीत नुसती चार ओळी अक्षरं होती ती आता बिटमॅप झाली. पीडीएफ आणि ईपीएस एम्बेड करायचा पर्याय आहे, त्यावर एक्सपरिमेंटल असं त्यांनीच लिहिलंय, वापरा पण पान झूम करून तपासा.

फाँटबद्दल एवढंच की शक्यतो एम्बेड करा. प्रेसवाल्यांना सवयीने सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, हवं असतं, पण शेकडो पानांचा मजकूर आउटलाइन केला की प्रत्येक पानावर हजारो आकार तयार होतात, फाइल वाढते आणि पलीकडे त्यांचं मशीनही रेंगाळतं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे इनडिझाइनच्या बुक पॅनेलसारखं इथे काही नाही. सगळी पानं एकाच फाइलमधे आणि मजकूर एकाच लांबलचक लिंक केलेल्या फ्रेमच्या साखळीत ठेवला तर सुरुवातीला एक शब्द बदलला तरी पुढचं सगळं पुन्हा मांडलं जातं, माणूस टाइप करायचंच टाळायला लागतो. उपाय जुनाच, एका प्रकरणाची एक फाइल, पान नंबर सेक्शनमधून पुढे चालू, आणि पीडीएफ शेवटी क्यूपीडीएफसारख्या टूलने जोडायचे, ते फोटो पुन्हा कॉम्प्रेस करत नाही. एक्सपोर्टमधे प्रत्येक पानाची वेगळी फाइल काढायची सोय पण आहे, पण ती जोडण्यासाठी वापरू नका कारण प्रत्येक पीडीएफ आपापला फाँटचा तुकडा घेऊन येतो आणि जोडल्यावर तेच फाँट शेकडो वेळा आत. प्रकरणवार केलं की हा फुगवटा नावापुरता राहतो. शिवाय एक्सपोर्ट चालू असताना स्क्रायबसमधे दुसरं काही करता येत नाही, इनडिझाइनमधे तो मागे चालतो, तेव्हा छोट्या फाइली त्या अर्थानेही सोयीच्या.

आता मशीनची बाजू, थोडक्यात. विंडोजवर ६४ बिटवालंच घ्या, ३२ बिट प्रोग्रामला रॅम कितीही लावली तरी २ ते ४ जीबीच्या पुढे वापरताच येत नाही. लिनक्सवाल्यांनी स्लॅश टेम्प (/tmp, तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) कुठे आहे ते बघून घ्या. फेडोरात आणि डेबियन १३ मधे तो टीएमपीएफएस असतो, म्हणजे दिसतो डिस्कसारखा पण बसतो मेमरीत, एरवी अर्ध्या रॅमएवढा वाढू शकतो. तात्पुरत्या फाइली तिथे पडल्या तर ज्या रॅमवर एक्सपोर्ट अवलंबून आहे तीच कमी होते आणि डिस्क रिकामी असून गाडी अडते. तसं होत असेल तर टीएमपीडीआयआर (TMPDIR) हे व्हेरिएबल, म्हणजे तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ती सेटिंग, खऱ्या डिस्कवरच्या फोल्डरला वळवून बघा.

एक्सपोर्ट कायम आतल्या एसएसडीवर करा, पेनड्राइव्हवर नंतर कॉपी. आणि तो पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल त्यात जाणारच नाही, जागा कितीही दिसू दे, एक्सफॅट करून घ्या.

पुढच्या आवृत्तीकडून माझं मागणं एकच आहे, सेव्ह दाबायच्या आधी पीडीएफ अंदाजे एवढ्या एमबीचा होईल आणि हे दहा फोटो सगळ्यात जड आहेत असं त्याच विंडोत दिसू द्या. माहिती त्यांच्याकडे आहेच, मॅनेज इमेजेसमधे पडून.