दुसरीच्या वर्गात गणिताची ‘सांगायची वही’: जून ते फेब्रुवारी वापरल्यावर

नाशिकमधली मराठी माध्यमाची दुसरी, पट ३२. मंगळवारी आणि शुक्रवारी गणिताच्या तासातली २० मिनिटं या वहीची. उदाहरणांची वही वेगळी. हिच्यात दर वेळी एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर चित्र, आकडे, शब्द यांपैकी जे जमेल त्यात. पुढच्या वर्षीही चालू ठेवण्यासारखी आहे, पण काही गोष्टी बदलून.

आधी वहीबद्दल. चौकटीची वही नको. मुलं एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवत राहतात आणि दहा मिनिटांत जेमतेम एक ओळ होते. दुरेघीत चित्राला जागा नाही. एका बाजूला कोरं पान आणि एका बाजूला रेघा असलेली प्रॅक्टिकलची वही सगळ्यांत सोयीची. १०० पानी वहीत ५० जोडपानं, म्हणजे आठवड्याला दोन धरून २५ आठवडे. दिवाळीची सुट्टी आणि बुडालेले दिवस धरून जानेवारीच्या सुरुवातीला वही संपते, तेव्हा दुसऱ्या वहीची सोय आधीच करून ठेवा.

प्रश्न फळ्यावरून उतरवून घेऊ नका. निम्मी मुलं त्यातच दमतात. ए-फोर कागदाच्या आडव्या ८ पट्ट्या कापल्या की ३२ मुलांना ४ कागद पुरतात. पट्टी पावणेचार सेंटीमीटरची होते, ठळक अक्षरातल्या दोन ओळी मावतात. चिकटवायला ग्लू स्टिकच हवी. पातळ डिंकाने पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात, आणि घरच्या खळीने कपाटात झुरळं येतात.

वीस मिनिटांची वाटणी अशी: ३ मिनिटं प्रश्न मोठ्याने दोनदा वाचणं, १० मिनिटं लिहिणं, ५ मिनिटं दोघा-तिघांनी वाचून दाखवणं, उरलेली दोन वह्या गोळा करायला. खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे जायचं, कारण खोडलेल्या चुकीतून शिक्षकाला काही कळत नाही.

पहिला महिना जवळजवळ वाया जातो. ‘स्पष्ट करा’, ‘कारण लिहा’ असं विचारलं की ‘मी बेरीज केली’ एवढंच येतं. ‘तुला कसं कळलं?’ विचारलं की मूल बोलायला लागतं. त्याहून चांगला चालतो तो दुसऱ्याची चूक शोधण्याचा प्रश्न: ‘नीलूने ५२ − १७ = ४५ लिहिलं. तिचं कुठे चुकलं?’ (नाव वर्गातल्या कुणाचं नसावं, नाहीतर चिडवाचिडवी.) दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन घेतले, हे ज्याला लिहिता आलं त्याला दशक सुटा करणं कळलंय. ज्याने ‘बरोबर आहे’ लिहिलं, त्याला उद्या काड्यांचे गठ्ठे घेऊन बसवायचं. भद्रकालीच्या बाजारातली मेथी चालते: एक जुडी १५ रुपयांना, ३ घेतल्या, ५० ची नोट दिली, परत किती? द्राक्षांच्या दिवसांत घडातले मणी आधी अंदाजाने, मग मोजून. कांद्याचे क्विंटल मात्र दुसरीला झेपत नाहीत, मोह आवरावा.

या वहीची खरी किंमत संख्यानामांत कळते. नुसत्या उदाहरणांत मूल ४५ च्या जागी ५४ लिहितं आणि आपण ‘लक्ष नाही’ म्हणून मोकळे होतो. वहीत त्याचं चित्र असतं: दशकाचे ५ गठ्ठे आणि ४ सुट्या. ‘पंचेचाळीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून पाच आधी. तसंच ‘एकोणतीस’. कानावर ‘तीस’ पडतं, आणि ३९ किंवा ३१ लिहिलं जातं. ‘एकोणतीस तिसापेक्षा मोठे की लहान?’ एवढ्या एका प्रश्नाने वर्गाचे सरळ दोन भाग होतात. एकोण म्हणजे एक उणा हे कळलं की एकोणऐंशीपर्यंत गाडी चालते, एकोणनव्वदही जमतं, आणि मग नव्याण्णवला कुणीतरी ‘एकोणशंभर’ लिहितंच. ती चूक फार हुशारीची आहे, तिच्यावर लाल फुली मारू नका. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरं मुलांना जड जातात हे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा सांगत होत्या. ती पद्धत पटो न पटो, अडचण कुठे आहे ते या वह्यांत स्पष्ट दिसतं. सेमी-इंग्रजीच्या वर्गात, जिथे गणित इंग्रजीतून असतं, आणखी एक भर: आपला ४ आणि इंग्रजी आठ मुलं सर्रास अदलाबदल करतात.

अहिराणी किंवा कोकणी घरी बोलणाऱ्या मुलांना शब्द त्यांच्याच बोलीतले लिहू द्यावेत. शुद्धलेखन इथे तपासायचं नाही.

तपासणी हा सगळ्यांत मोठा अडथळा. ३२ वह्यांना दोन-दोन मिनिटं म्हणजे तासाच्या वर. रोज ८ वह्या घेतल्या तर १६ मिनिटांत होतं, चार दिवसांत पट पूर्ण. शेरा नको, पेन्सिलने एक प्रश्न लिहा: ‘हे ४ गठ्ठे कुठून आले?’ पुढच्या वेळी लिहायला बसण्याआधी मुलाने त्याचं उत्तर द्यायचं. पालक ‘चुका तपासल्याच नाहीत’ म्हणून वही घेऊन येतात. वहीच्या पहिल्या पानावर चार ओळींत हेतू लिहून चिकटवला तर ही तक्रार बरीच कमी होते.

बदलायच्या त्या दोन गोष्टी: जुलैअखेरपर्यंत आठवड्याला एकच प्रश्न, तोही तोंडी बोलून मग लिहायचा, आणि प्रॅक्टिकलच्या वहीचं जाड पुठ्ठ्याचं वेष्टन दप्तरात जड होतं, म्हणून वह्या वर्गातच ठेवायच्या. पहिलीला हे करायचं असेल तर दिवाळीनंतर सुरू करा. तोवर मुलांनी फक्त चित्र काढावं आणि खाली त्यांचं वाक्य शिक्षकाने लिहावं, त्यांनी जसं सांगितलं अगदी तसंच.