फुकटच्या व्हिडिओ एडिटरवर थ्रिलरची टायटल्स आणि म्युझिक, काही महिन्यांच्या वापरानंतर

परवा अपडेट आलं आणि आमच्या फिल्ममधली मराठी नावं परत बिघडली, त्या रागात लिहितोय. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, फुकटचं आहे, कॉलेजात निम्मी जनता तेच वापरते, फीचर्स तुम्हाला पाठ असतील. कटिंग-कलरबद्दल तक्रार नाही.

फिल्मचं नाव 'तिसरी किल्ली'. टाइप केलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला आणि 'ल्ल' चे दोन तुकडे, एक ल पाय मोडून पडलेला. सगळे म्हणाले फॉन्ट बदल. मुक्ता टाकला, मुंबईच्या एक टाइपचा, युनिकोड, मोफत, त्यात काही खोट नाही, तरी तेच. त्या साध्या टायटल टूलला जोडाक्षरं जुळवताच येत नाहीत. दुसरं अ‍ॅडव्हान्स टूल आहे त्यात जुळतात, पण टाइपरायटर इफेक्ट लावला की एकेक तुकडा येतो, आधी क, मग वेलांटी. भीती राहिली बाजूला, लोक हसतात.

आणि ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर! थ्रिलर म्हटलं की डायरेक्टरला ती लांब लांब पसरलेली अक्षरं हवीच असतात. इंग्रजीत भारी दिसतं. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. यावर एवढं डोकं खाल्लंय की घरचे पण आता शिरोरेषा म्हटलं की उठून जातात. शेवटी टायटल इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं (तेही फुकट), टेक्स्टचा पाथ केला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, अक्षरं हाताने लांब सरकवली, मधल्या फटींत शिरोरेषेच्याच जाडीचे आयत भरले, पारदर्शक पीएनजी काढून टाइमलाइनवर टाकली. टाइपरायटरऐवजी डावीकडून क्रॉप उघडत नेला आणि साइज १०० वरून १०५ टक्के, हळूहळू. बास.

तेव्हा विचारलं असतं तर दोन स्टार दिले असते. मत बदललं ऑडिओमुळे. फुकटात साइडचेन कंप्रेसर मिळतो हे मला माहीतच नव्हतं, म्युझिकच्या ट्रॅकवर लावून त्याला डायलॉगचा ट्रॅक दाखवला की कोणी बोललं की म्युझिक आपोआप खाली जातं, वाक्यावाक्याला कीफ्रेम मारत, म्हणजे हाताने आवाज कमी-जास्त करायच्या खुणा टाकत बसावं लागत नाही. रिलीज टाइम (म्युझिक परत वर यायला लागणारा वेळ) मात्र जरा लांब ठेवा, नाहीतर दोन वाक्यांच्या मधे म्युझिक उसळ्या मारतं. डायरेक्टरला ड्रोन, म्हणजे तो खालच्या सुरातला सलग घुमणारा आवाज, अख्खी फिल्मभर हवा होता, भांडून किल्ली फिरण्याआधी पूर्ण बंद केला, नुसता कुलपाचा आवाज. फिल्म दाखवली तेव्हा तिथे मागच्या रांगेतला एकजण मोबाइल खाली ठेवून बघायला लागला. आणखी एक, ५०-६० हर्ट्झचा ड्रोन हेडफोनमध्ये छाती हलवतो पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, त्याच्यावर दोन-तीन ऑक्टेव्ह (सप्तक) वरचा पातळ थर टाका.

म्युझिक यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घेतलं. काही ट्रॅकना क्रेडिट द्यावं लागतं, ते आधी बघा. 'तीस सेकंद कुठलंही गाणं चालतं' असं काही कायद्यात नाहीये, हॉस्टेलवर कोणी कितीही छातीठोकपणे सांगू दे. भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो.

एंड क्रेडिट थरथरत असतील तर रोलचा वेग दर फ्रेमला पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा, २ किंवा ३, अडीच नको.

हां, तर अपडेट. पीएनजीवालं मुख्य टायटल शाबूत आहे, सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली नावं सगळी विस्कटली, त्यात माझंही, 'ध्वनी' चा 'ध' एकीकडे आणि 'वनी' दुसरीकडे. प्रोजेक्ट संपेपर्यंत अपडेटला हात लावू नका. पैसेवालं व्हर्जन घेऊ का असं ज्युनियर विचारतात, माझं मत, त्या पैशात बरा हेडफोन घ्या. चार स्टार, पाचवा शिरोरेषेने खाल्ला.