निकेलच्या नावाखाली काळे ग्रीस: माझे ६८,७०० रुपये गेले

साखर कारखान्यांतील बॉयलर-दुरुस्तीची कंत्राटे मी १७ वर्षे घेत आहे, त्यामुळे बनावट माल कसा खपवतात हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तरीही मी फसलो. हंगामाआधी स्टीम लाइनच्या फ्लँजसाठी, म्हणजे वाफेच्या पाइपांच्या नट-बोल्टने आवळलेल्या जोडांसाठी, निकेलचे अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) हवे होते. नेहमीच्या दुकानात ५०० ग्रॅमचा डबा २,९०० रुपयांना होता. व्हॉट्सॲपवर भेटलेल्या विक्रेत्याने तेच नामांकित लेबल १,८५० ला देऊ केले, अर्थात बिलाविना. १२ डब्यांचे २२,२०० रुपये मी आगाऊ पाठवले. कारखान्याची घाई होती आणि बिलाविना खरेदी करणारा या धंद्यात मी एकटा नाही.

डबा उघडताच माझ्या फिटरने बोटभर माल चिमटीत चोळला आणि तो म्हणाला, “मालक, ह्ये नुसतं ग्रीस हाय, चमक न्हाई.” अस्सल निकेल पेस्ट रुपेरी-करडी असते, हा माल काळपट होता, आणि मी, शहाणा, त्याला म्हणालो, “तू काम कर.” ते वाक्य अजून कानात घुमते.

चारशे अंशांच्या वर तेल जळतेच. खऱ्या मालात मागे उरलेली धातूची पूड आटे एकमेकांना चिकटू देत नाही. हंगाम संपल्यावर फ्लँज खोलताना आट्यांत फक्त कोळसा निघाला. ३२ पैकी १४ नट गॅस कटरने कापावे लागले आणि कारखान्याने माझ्या बिलातून ४६,५०० रुपये वळते केले. चमचाभर माल पत्र्यावर तापवून पाहिला असता तर पाच मिनिटांत सगळे उघड झाले असते. तुम्ही तरी तापवा.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न, “बिल कुठे आहे?” १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितले की माल मिळाला आहे, म्हणून ही ऑनलाइन फसवणूक नव्हे. ग्राहक आयोगाच्या कार्यालयात, धंद्यासाठी घेतलेला माल म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असे ऐकवले. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठीच्या खरेदीला कायद्यात सवलत आहे, पण हाताखाली सहा माणसे असल्याने ती मला मिळणार नाही म्हणे. बनावट ट्रेडमार्कच्या जप्तीला पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि ट्रेडमार्क निबंधकांचे मत लागते, म्हणून चौकीने मला कंपनीकडे पिटाळले आणि कंपनीने पुन्हा चौकीकडे. बिल घ्याच, निदान चौकीतल्या त्या पहिल्या प्रश्नावर तरी दार बंद होणार नाही.

दोन डबे मी पुरावा म्हणून सीलबंद ठेवले आहेत. ते दाखवा असे आजवर कोणीही म्हटलेले नाही.