पाठीचा बाक: पट्टा, ऑपरेशन, आणि नंतरचं समाधान

माझ्या पुतणीचा पाठीचा कणा बाजूला वाकला होता, डॉक्टर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. तिचं ऑपरेशन झाल्यापासून आसपासच्या गावांतले आईबाप एक्स-रेची पिशवी घेऊन घरी येतात. भंडाऱ्याकडचे एक दादा तर उभ्या उभ्याच विचारते झाले, "ताई, पोट्टीले पट्टा लावू का डायरेक्ट ऑपरेशन करू?" मी डॉक्टर नाही. चार वर्षं तिच्यासोबत दवाखान्याच्या रांगेत बसले, तेवढ्यावर सांगते.

आधी अंश बघा. एक्स-रेवर बाक 25 ते 40 अंशांत असेल आणि हाडांची वाढ बाकी असेल, तर पट्ट्याची, म्हणजे धडाभोवती घालायच्या प्लास्टिकच्या कवचाची वेळ. 50 च्या पुढे बहुतेक सर्जन ऑपरेशन सुचवतात, कारण असा बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढू शकतो. मधल्या 40 ते 50 मध्ये खरी घालमेल.

पट्टा बाक सरळ करत नाही, आहे तिथे थोपवायला बघतो. हे कुणी नीट सांगितलं नाही की वर्षभराने घरचे म्हणतात, "फायदाच नाही झाला." अमेरिका-कॅनडातला 2013 चा मोठा अभ्यास सांगतो की पट्टा घातलेल्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. रोज 13 तासांच्या वर घालणाऱ्यांत यश 90 टक्क्यांच्या आसपास. आता हे 13 तास आपल्याकडच्या मे महिन्यात मोजा. पारा 45 वर, कूलर आहे पण वीज नाही, आणि अंगावर प्लास्टिकचं कवच. पुतणी आत सुती बनियन घालायची, दिवसातून तीनदा बदलायची, तरी कमरेवर घामोळं. शाळेत पोरं पट्ट्यावर टकटक करायची. शेवटी ती तो दप्तरात ठेवून यायची, आम्हाला कळलं सहा महिन्यांनी. तुमची मुलगी जिद्दीची असेल, शाळेतल्या बाई समजूतदार असतील, तर पट्टा जरूर. घालणार नसेल तर तो खुंटीवरच राहील.

ऑपरेशनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवून रॉडने बाक कमी करतात आणि तेवढे मणके कायमचे जोडतात. नंतरचं समाधान मोजायला जगभर एसआरएस-22 ही 22 प्रश्नांची यादी वापरतात: दुखणं, हालचाल, आरशातलं रूप, मन आणि उपचाराबद्दलचं समाधान. ऑपरेशननंतर बहुतेक मुली समाधानी असतात, आणि सगळ्यात जास्त सुधारतं ते आरशातलं रूप. दुखण्यात तेवढा फरक पडेलच असं नाही. म्हणून मुलीला एकटीला विचारा, तुला काय नकोसं वाटतं? आईच्या डोक्यात लग्न असतं, बापाच्या डोक्यात शेतातलं काम, आणि पोरीच्या डोक्यात युनिफॉर्मखाली दिसणारा तो पाठीचा एका बाजूचा उंचवटा. उंचवटा कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. पाठीवर लांब व्रण राहतो.

कामाचं स्पष्ट बोला. रॉड कमरेत जितका खाली, तितकं वाकणं कमी. धानाच्या रोवणीला दिवसभर कमरेत वाकायचं असतं, कापूस वेचणीत ओझं डोक्यावर. शाळा साधारण दीड महिन्यात सुरू होते, जड उचलणं मात्र सहा महिने ते वर्षभर बंद. "कुठल्या मणक्यापर्यंत जोडणार?" हे सर्जनला विचाराच. मज्जातंतूला इजा क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूवर यंत्राने लक्ष ठेवतात का, हेही विचारा.

काहीच न करणं हाही पर्याय आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात उपचार न घेतलेल्यांचा 50 वर्षं मागोवा घेतला. बहुतेकांचा संसार, कामधंदा नीट चालला. जुनाट पाठदुखी मात्र 61 टक्क्यांना, बाक नसलेल्यांत 35. बाक फार मोठा असेल तर या आकड्यांवर विसंबू नका.

पैशांसाठी महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी रेशन कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्य मित्राकडून पक्कं करा.

त्या एसआरएस-22 यादीतला शेवटचा प्रश्न असा: पुन्हा तीच वेळ आली तर हाच उपचार घ्याल का? मी पुतणीला विचारला. म्हणाली, "घेईन ना काकू. पण मे महिन्यात नाही, दिवाळीच्या सुट्टीत."