तारखांसकट फायली हलवायच्या: ब्राउझर की आरक्लोन?

गूगल ड्राइव्हवरून वनड्राइव्हवर जाताना ब्राउझरने एकेक फाइल उतरवली, की संगणकावर तिला सहसा उतरवल्याचीच तारीख लागते. २०११चं कागदपत्र आजचं दिसतं. फोटोतली एक्झिफ माहिती (फोटो कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला याची नोंद) मात्र फाइलच्या आतच असते, ती टिकते. पाच-दहा फोटोंसाठी हा मार्ग चालेल.

आरक्लोन (rclone) हे एका क्लाउड सेवेतून दुसरीकडे फायली नेणारं साधन फाइलच्या शेवटच्या बदलाची तारीख आपणहून सोबत नेतं. २०२२च्या १.५९ आवृत्तीपासून मेटाडेटा, म्हणजे फाइलबद्दलची इतर माहिती, नेण्याचा वेगळा पर्यायही आहे, पण दोन्हीकडच्या सेवा जेवढं स्वीकारतात तेवढंच जातं. कोणाला फाइल पाहायची परवानगी होती, तीही सोबत जाईल हे गृहीत धरू नका. आज्ञा टाइप कराव्या लागतात, तरी वर्षानुवर्षांच्या संग्रहासाठी मी आरक्लोनच निवडेन. आधी एक छोटा फोल्डर पाठवून तारखा जुळवा, मगच मूळ फायली पुसा.