हाताने दाबायचा हब कटर: वॉर्डासाठी घ्यावा का?

घ्यावा, पण कापलेल्या सुया पडतात तो डबा सुटा होणाराच. हब म्हणजे सुईचा सिरिंजवर बसणारा प्लास्टिकचा बुंधा. इंजेक्शन दिल्यावर टोपण परत न लावता सिरिंज उभी धरायची, हबपर्यंत छिद्रात घालायची आणि दांडा पूर्ण दाबायचा. सुई हबसकट तुटून आत पडते. सिरिंजचं नाकही कापलं जातं, त्यामुळे ती पुन्हा वापरता येत नाही. विजेवरच्या, सुई जाळणाऱ्या बर्नरमध्ये हबपाशी टोकदार खुंट उरू शकतो, धूर होतो आणि लाइट गेली की बर्नर नुसताच ट्रॉलीवर जागा अडवतो.

2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कापलेली सुई पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जाते आणि सुईविना सिरिंज लाल पिशवीत. स्वस्त कटरचा डबा निघत नाही, निघाला तरी झाकणाला लॉक नसतं. मग मावशी त्या सुया दुसऱ्या डब्यात ओततात, म्हणजे धोका सिस्टरकडून मावशींकडे सरकला एवढंच. तीन चतुर्थांश भरला की डबा बंद करून पाठवायचा. आतली पातळी बाहेरून दिसत नसेल तर तो भरतच राहतो, वरच्या सुया छिद्रात अडकतात आणि कुणीतरी आर्टरी फोर्सेप्स (चिमटा) घालून उकरत बसतं.

पातं बोथट झालं की हब कापला न जाता चेपतो, आणि सुई पिळून तोडली जाते. दांडा दोनदा दाबावा लागला की पातं बदला. ते सुटं मिळतं का, हे खरेदीआधीच विचारा.

सर्जिकल ब्लेड, लॅन्सेट (बोट टोचायची छोटी सुई), टाक्यांच्या सुया, कॅन्युलाची स्टायलेट (सलाइनच्या नळीतली आतली सुई) यांच्यासाठी कटर नाही. त्यांना रुंद तोंडाचा पांढरा डबा वेगळा लागतो. इन्सुलिन सिरिंजची सुई जडवलेली असते, ती अख्खीच तिथे टाकलेली बरी. औषधाच्या काचेच्या व्हायल (बाटल्या) निळ्या डब्यात. (हे सांगावं लागू नये, पण लाल पिशवीत त्या अजूनही सापडतात.)

नियम मोडण्याचं मोठं कारण मात्र जागा. नर्सिंग स्टेशनवर एकच कटर ठेवला की शेवटच्या खाटेपासून उघडी सुई घेऊन चालावं लागतं. म्हणून टोपण लावलं जातं आणि तेव्हा बोटाला टोचतं. प्रत्येक इंजेक्शन ट्रॉलीवर एक हवा, नाहीतर ट्रेनिंगचा फारसा उपयोग नाही.

छिद्राभोवती रक्ताचे शिंतोडे साचतात. ड्युटी बदलताना ग्लोव्हज घालून 1 टक्का हायपोक्लोराइटने (जंतुनाशक द्रावणाने) पुसा आणि नंतर साध्या पाण्याने, नाहीतर पातं गंजतं.